कासवाला वास येतो

अजमान,
शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९६

ती. विष्णूदादास,

कल्लाप्पाचा नमस्कार. तू म्हणालास म्हणून गेलो. आता काय झालं ते ऐक, आणि परत मला असल्या जागी पाठवू नकोस.

एक नोव्हेंबर यंदा शुक्रवारी आला. इथं शुक्रवारची सुट्टी. तिकडं तुम्ही काळा दिन पाळणार, फेरी काढणार, म्हणून मीही तयारी केली. काळं फडकं मिळालं नाही. मग इलेक्ट्रिशियनकडची काळी टेप घेतली आणि दंडाला गुंडाळली. राजाभाऊंनी बोलावलंच होतं. राजाभाऊ म्हणजे आमच्या कंपनीचे अॅडमिन मॅनेजर, पुण्याचे. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्या लोखंडी कपाटात असतात. शारजात मराठी लोकांचा 'मित्रमेळा' आहे, त्याचे तेच अध्यक्ष. मला म्हणाले, "कल्लाप्पा, सीमाभागाचा माणूस आपल्या कंपनीतच आहे आणि मला माहीतच नाही! दिवाळीच्या प्रोग्रॅमला ये. स्टेजवर आणतो तुला."

गेलो. शाळेचा हॉल, थंडगार एसी, अत्तराचे असे भपकारे की डोकं उठलं. दारात त्यांच्या बायको, शोभनावहिनी. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "अय्या, कल्लाप्पा? पण हे कानडी नाव ना?"

म्हटलं, "वहिनी, आमच्याकडं मराठी माणसांची अशीच नावं असतात. आजा यल्लाप्पा, बाप नागोजी, मी कल्लाप्पा."

"हो का? पण किती छान मराठी बोलता हो तुम्ही!"

दादा, ह्या भाषेसाठी तू दोनदा लाठ्या खाल्ल्यास. आणि मला शाबासकी मिळाली, की मला ती बोलता येते.

राजाभाऊंनी स्टेजवर माझ्या खांद्यावर हात टाकला. "हा आपला भाऊ. चाळीस वर्षांच्या जखमेतून आलेला." टाळ्या. पुढच्या रांगेत त्यांची मुलगी मैथिली जांभई देत म्हणाली, "डॅड, कॅन वुई गो नाऊ?" मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. टेपेखाली दंडाला खाज सुटली होती तेवढं आठवतं.

कार्यक्रम संपला तसे राजाभाऊ आले. "कल्लाप्पा, जरा खुर्च्या आवरायला लागशील? कॅम्पमधली अजून दोन-तीन माणसं आणायला हवी होतीस रे." दीडशे खुर्च्या मी एकट्यानं एकावर एक लावल्या. बाकीचे कुटुंबं घेऊन टेबलांवर जेवत होते. मला वहिनींनी चांदीच्या कागदात पुडकं बांधून दिलं. "कॅम्पवर जाऊन आरामात खा हं." सोमवारपर्यंत माझ्या हातांना त्या खुर्च्यांचा वास येत होता. हात धुतले तरी जाईना.

पुडकं मी खाल्लं नाही. खोलीतल्या सोमसाकला दिलं. सोमसाक थायलंडचा, माझ्याच वयाचा, पंचविशीचा. आमच्या जॉइनरीत, म्हणजे सुतारकामाच्या शेडमध्ये, दारांच्या चौकटी करतो. पटाशीवर असा हात दुसऱ्या कुणाचा बघितला नाही. त्यानं चकली मोडत दंडावरच्या टेपेकडं बोट केलं. "ये क्या? किसका मरा?"

मी त्याला सांगितलं. आमचं बोलणं एका बाजूचं, सरकार दुसऱ्या बाजूचं, मधनं रेघ मारलेली. आमच्याकडं जमिनीचा उतारा कानडीत, आम्हालाच वाचता येत नाही. त्यानं ऐकलं आणि हसायला लागला. इतका हसला की चकली घशात गेली. म्हणाला, "भाई, हमारा भी सेम."

तो म्हणे 'मोन' आहे. हे लोक थोडे बर्म्यात, थोडे थायलंडात. एके काळी त्यांचं हंसावती नावाचं राज्य होतं, झेंड्यावर हंस. अडीचशे वर्षांमागं बर्मी राजानं ते बुडवलं. आमचा फोरमन बुनसोंग, तोही थाय पण मोन. तो शर्टावर सोन्याच्या पाण्याचा हंस लावून फिरतो. मी आजवर समजत होतो बदक आहे.

टेप काढताना दंडावरचे केस सगळे उपटून आले. असो. आईचा गुडघा कसा आहे ते लिही.

तुझा,
कल्लाप्पा

———

खानापूर,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. कल्लाप्पा यास,

अनेक आशीर्वाद. काकूचा गुडघा बरा आहे. तेल लावून घेते आणि तुझ्या नावानं बोटं मोडते, की पोरगा दोन ओळी आईला लिहीत नाही, विष्णूला मात्र पानं भरतो. तिला वेगळं लिहीत जा. मी वाचून दाखवतो.

राजाभाऊंच्या मंडळींचं मनाला लावून घेऊ नकोस. शहरातली माणसं अशीच. त्यांच्या टाळ्याही आपल्याला लागतात आणि त्यांचं वजनही. यंदाच्या फेरीत आम्ही जेमतेम दोनशे जण होतो. दहा वर्षांमागं दोन हजार असत. पोरं आता येत नाहीत. त्यांना कानडी शाळेत घातलंय आणि त्यात चूक काय म्हणतात. माझ्या वर्गात चौथीला नऊ मुलं उरली आहेत. पुढच्या वर्षी शाळा राहील की नाही, सांगता येत नाही. आता कळलं तुला, मला टाळ्या का लागतात?

म्हणूनच तुझ्या पत्रातलं ते मोन लोकांचं वाचून मी रात्रभर अस्वस्थ होतो. हे तर आपलंच! एक समाज, मधे हद्द, दोन्हीकडं परके. आमच्या 'हद्दीचा हुंकार'मध्ये हे यायला हवं. अंक दोन महिन्यांतनं एकदा निघतो, चारशे प्रती. पण वाचणारे वाचतात. तू मला सविस्तर लिही. तो सोमसाक मूळ कुठला, कसा आला, घरी कोण, चालीरीती काय, आणि तो फोरमन काय म्हणतो, सगळं. दोघे परदेशात भेटले म्हणजे भाऊ-भाऊच झाले असतील.

तुझं अक्षर सुधारलंय. सातवीत तुला शाळेतनं काढलं ते काकांचं चुकलंच. राजाभाऊंचा पोस्टाचा पत्ताही कळव. त्यांना अंक पाठवू.

तुझा दादा,
विष्णू

———

अजमान,
शुक्रवार, १३ डिसेंबर १९९६

ती. दादास,

भाऊ-भाऊ म्हणतोस? ऐक.

मागच्या शुक्रवारी आम्ही तिघं मासळीबाजारात गेलो. मी, सोमसाक आणि मागनं बुनसोंग. बुनसोंग आमच्याबरोबर नव्हता, त्याला कॅम्पच्या मेससाठी मासळी घ्यायची होती. तो सोमसाकबरोबर कधी चालत नाही. बाजार म्हणजे काय सांगू, पायाखाली पाणी, खवले, आतडी, घोंघावणाऱ्या माशा. एका होडीच्या जाळ्यात कासव आलं होतं. परातीएवढं. उताणं टाकलेलं. पाय हवेत मारत होतं आणि भोवती माणसं हसत होती.

सोमसाकनं ते बघितलं आणि झटकन नाक धरलं. त्यांच्या भाषेत काहीतरी मोठ्यानं बोलला. एकदा, दोनदा, तीनदा. मी दचकलो. तेवढ्यात मागनं तोच शब्द. वळून बघतो तर बुनसोंगनंही नाक धरलेलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बुनसोंगचा चेहरा दादा, असा झाला, जसं भरल्या पंगतीत कुणी धोतर ओढलं. मासळी न घेताच निघून गेला.

होडीचा मालक म्हातारा अरब होता. त्याला काय वाटलं कोण जाणे. "यल्ला, यल्ला," करत पोरांना हाकललं आणि पायानं ढकलत कासव पाण्यात सोडलं.

वाटेत सोमसाकनं सगळं सांगितलं. आपल्यात कसं देवक असतं, तसं त्यांच्यात घराचा देव असतो. कुणाचा साप, कुणाचा कोंबडा. ह्याच्या घराचा कासव. आपलं देवक कळंब, म्हणून सुतार असून आपण कळंबाला पटाशी लावत नाही, तसंच. पण त्यांचा नियम कडक. कासव वाटेत दिसलं की ते घरी न्यायचं, कापायचं, शिजवून घरच्या देवाला दाखवायचं. न नेलं तर घरात आजार. सुटायला एकच वाट. कासव दिसल्याबरोबर नाक धरून म्हणायचं, "वास येतो." घाण वास येणारी वस्तू देवाला कशी द्यायची? मग आपण सुटलो आणि कासवही सुटलं.

मी विचारलं, "सच में स्मेल था?"

"नहीं रे. कछुआ को क्या स्मेल. पण बोलने का. बोला तो वो जिंदा रहता है."

आणि बुनसोंगच्या घरचाही कासवच. म्हणजे मागं कुठंतरी दोघांचं चुलाणं एक. पण बुनसोंगचे पणजोबांचे पणजोबा दोनशे वर्षांमागं पळून थायलंडात आले. तो आता पक्का थाय. सणाला हंस लावतो, लाल लुंगी नेसतो. आणि सोमसाक मागनं आला.

आता खरी गोष्ट. तो सोमसाक नाहीच. त्याचं नाव चान. गाव बर्म्यात, 'ये' नावाच्या शहराजवळ. तिथं लष्कर रेल्वे बांधतंय आणि भराव घालायला घरटी एक माणूस ओढून नेतात, मजुरी नाही, भाकरीही घरची. ह्याचा बाप त्यात गेला. हा हद्द ओलांडून पळाला. बायको आणि दीड वर्षाची पोर हद्दीवरच्या छावणीत आहेत. थायलंडात ह्याला कुणी दारात उभं करेना. तिथल्या मोन लोकांच्या देवळात गेला तर हंसाच्या खांबाखाली जेवायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, आता जा, पोलीस येतील. शेवटी मेलेल्या कुणा सोमसाकच्या कागदांवर पासपोर्ट करून इथं आला. त्याचा मावसभाऊही तसाच आला. तो आमच्याच कंपनीच्या अल ऐनच्या साइटवर आहे, हॉस्पिटलचे दरवाजे बसवतो.

मला एवढंच वाटलं की आपल्या फेरीत तरी आपण एकमेकांना हाकलत नाही. मग खुर्च्या आठवल्या.

हे छापणार असलास तर माझं नाव नीट छाप. कल्लाप्पा नागोजी सुतार. राजाभाऊंचा पत्ता मागं लिहिलाय.

तुझा,
कल्लाप्पा

———

खानापूर,
५ जानेवारी १९९७

चि. कल्लाप्पा यास,

अनेक आशीर्वाद. सोबत कात्रण पाठवतोय. 'वाळवंटात भेटला आमचा सीमाबांधव', आणि खाली ठळक अक्षरात तुझं पूर्ण नाव. मी फक्त शुद्धलेखन केलं. बाकी तुझे शब्द तसेच ठेवले. कासवाचा भाग वाचून आमच्या छापखान्याच्या राजनच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू कात्रण देव्हाऱ्यात ठेवून बसली आहे. वाचता येत नाही तरी तुझ्या नावावर बोट फिरवते.

जागेअभावी लेखाचे दोन भाग केले. अल ऐनच्या मावसभावाचा, छावणीचा आणि पासपोर्टांचा मजकूर एक मार्चच्या अंकात घेतोय. पहिल्या भागात चानचं खरं नाव, तो थाय नाही हे, आणि कासव आहे. लोकांनी पुढच्या अंकाची आत्ताच मागणी केली आहे. दहा वर्षांत असं झालं नव्हतं.

राजाभाऊंना दोन प्रती पाठवल्या. आता बघू कोण तुला खुर्च्या उचलायला सांगतो.

तुझा दादा,
विष्णू

———

अजमान,
शुक्रवार, ३१ जानेवारी १९९७

दादा,

नमस्कार वगैरे राहू दे.

चानला नेला. सोमवारी. रमजान चालू आहे म्हणून दुपारीच कामं सुटली होती. तो अंघोळीला बसलेला, अंगाला साबण. दोन माणसं कंपनीच्या गाडीतनं आली. अंग धुऊ दिलं, तेवढंच. त्यानं एका पिशवीत पटाशी, रंधा आणि पोरीचा फोटो भरला. पटाशी काढून घेतली, धारदार म्हणून.

राजाभाऊंनी तुझं कात्रण वाचलं. बुनसोंगला बोलावून विचारलं, हा तुमच्यातला का. बुनसोंग म्हणाला, "नो सर. बर्मा. नॉट माय पीपल." शर्टावर हंस होता. खलास. मला कुणी काही विचारलं नाही.

आता त्याला बँकॉकला उतरवतील. खोटा पासपोर्ट म्हणून आत टाकतील, मग ट्रकात घालून हद्दीपलीकडं सोडतील. पलीकडं काय आहे ते मी तुला लिहिलं होतं. तू छापलंस.

मी काय तुला चारशे लोकांना वाचून दाखवायला लिहिलं होतं? राजनच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्याला सांग, अजून काढ. मला ह्या कात्रणाची, तुमच्या हुंकाराची, मित्रमेळ्याची, हंसाची, सगळ्याची किळस आली आहे. त्याची खाट रिकामी आहे, आणि गादीला त्याच्या साबणाचा वास आहे.

दुसरा भाग छापू नकोस. अल ऐनच्या माणसाला अजून कुणी हात लावलेला नाही. राजाभाऊंना तो माहीत नाही. परवा मला जिन्यात म्हणाले, "पुढचा भाग आला की आधी मला दे हं." कळलं का? बूथवरनं तुझ्या घरी दोनदा फोन केला. वहिनी म्हणाली तू बेळगावला बैठकीला गेलायस.

कल्लाप्पा

———

खानापूर,
१० फेब्रुवारी १९९७

चि. कल्लाप्पा यास,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. चानसाठीही आणि तू ज्या शब्दांत मला लिहिलंस त्यासाठीही.

तुझं डिसेंबरचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात 'हे छापू नकोस' असं कुठंही नाही. 'छापणार असलास तर माझं नाव नीट छाप' असं आहे. राजाभाऊंचा पत्ताही तुझ्याच अक्षरात आहे. तू आता रागात आहेस म्हणून हे फक्त दाखवून देतो.

एका माणसाचं वाईट झालं हे खरं. पण खरं दडपून कुणाचा लढा पुढं गेलाय? आणि मला एक कळत नाही. एवढा हंस मिरवणारा फोरमन आपल्या माणसाला नाकारेल कसा? तुझी ऐकण्यात काही चूक झाली असेल. भाषेचा प्रश्न आहे. त्याला पुन्हा भेट. त्याच्याकडनं चार ओळींचा संदेश मिळाला तर आमच्या मार्चच्या मेळाव्यात वाचता येईल. मी तर पत्रिकेत 'मोन बांधवांचा संदेश' असं घालूनही ठेवलंय.

दुसऱ्या भागाचे छपाईचे खिळे जुळवून झालेत. राजन म्हणतो आता मोडायचे तर ते पान कोरं जाईल. पान कोरं सोडू का? त्याजागी दुसरा काही मजकूर देणार असलास तर पंचवीस तारखेपर्यंत हातात पाहिजे. नाहीतर आहे ते जाईल. चानचा त्याग वाया जाऊ नये एवढंच मला वाटतं.

काकूला मी काही सांगितलेलं नाही.

तुझा दादा,
विष्णू

———

अजमान,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी १९९७

ती. दादास,

हे पत्र युसुफच्या हाती देतोय. बेळगावचा आहे, आमच्या कॅम्पात प्लंबर. उद्याच्या विमानानं मुंबई, तिथनं बसनं सोमवारी तुझ्या दारात. त्याला चहा पाज आणि त्याच्यासमोर वाच.

तुझ्या सांगण्यावरनं बुनसोंगला भेटलो. संदेश मागायला नाही, बघायला. त्यांचा मोन दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असतो. पण रविवारी कामं, म्हणून आजच केला. मेसच्या हॉलमध्ये लाल चौकड्यांची लुंगी, पांढरा सदरा, हंसाचं चित्र, अगरबत्त्या. वीसेक थाय जमले होते, त्यातले मोन असतील चार. त्यानं भाषण केलं. मला भाषण कळलं नाही, पण हात कसा वर जातो ते कळलं. दादा, तो अगदी तुझ्यासारखा हात वर करतो. कार्यक्रम संपल्यावर त्यानं मला खूण केली, खुर्च्या उचलायला. मी उचलल्या नाहीत.

जाता जाता विचारलं, "चान युवर फॅमिली नो? टर्टल?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. खाली बघत म्हणाला, "आय सेव माय फॅमिली. टू हंड्रेड इयर वुई मेक थाय." नंतर बदकासारखा ताठ चालत गेला. मला त्याची किळस यायला हवी होती. आली, पण पुरी आली नाही. कारण अर्धी मी आधीच स्वतःवर खर्च केली आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, मला कुणी काही विचारलं नाही. ते खोटं होतं.

बुनसोंगच्या आधी राजाभाऊंनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. "बस, कल्लाप्पा." चार वर्षांत पहिल्यांदा 'बस' म्हणाले. रमजान असूनही दार लावून चहा दिला. टेबलावर कात्रण, माझ्या नावाखाली लाल पेनची रेघ. म्हणाले, "सुंदर लिहिलंयस रे! मला वाटलं नव्हतं, तुझ्यासारखा माणूस... रिअली, फार चांगलं मराठी. शोभनाला वाचून दाखवलं, ती तर रडली. पण एक सांग. हे खरं आहे की गोष्ट आहे? गोष्ट असेल तर गोष्ट म्हण, मी हा कागद ड्रॉवरमध्ये टाकतो. खरं असेल तर मला अॅक्शन घ्यावी लागेल. पासपोर्ट माझ्या कस्टडीत आहे, उद्या लेबरवाले माझी मान धरतील."

दादा, त्यांनी मला वाट करून दिली होती. अगदी दार उघडून धरलं होतं. त्यांनाही अॅक्शन नको होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एक शब्द पुरला असता. 'गोष्ट आहे साहेब, थाप मारली.' पण थाप म्हटली की मी थापाड्या, आणि पुन्हा तोच कानडी नावाचा सुतार. माझ्या डोक्यात तेव्हा चान नव्हता. शोभनावहिनी माझं लिहिलेलं वाचून रडल्या, ते होतं. मी ताठ बसलो आणि म्हणालो, "साहेब, मी सातवी शिकलोय. पण खोटं लिहीत नाही."

राजाभाऊंनी कात्रणाची घडी केली. म्हणाले, "बरं." आणि बुनसोंगला बोलावलं.

चहा मी पुरा प्यायलो, हेही लिहून ठेवतो.

तू म्हणतोस, खरं दडपून लढा पुढं जात नाही. मला एवढंच दिसतं की त्या कासवाला वास येत नव्हता आणि दोघांनी नाक धरलं. बुनसोंगनंसुद्धा धरलं. कासवासाठी धरलं, माणसासाठी नाही. आणि मी कशासाठीच धरलं नाही.

खालचा मजकूर कोऱ्या पानावर छाप. शुद्धलेखन करू नकोस. दोन प्रती राजाभाऊंना पाठव, आधीसारख्याच. आईच्या देव्हाऱ्यातलं कात्रण काढ आणि त्याजागी हे ठेव. तिला वाचता येत नाही, पण नाव तेच आहे.

तुझा,
कल्लाप्पा

*

संपादक महाशय,

मागच्या अंकात माझ्या नावानं जे छापून आलं ते सगळं मी मनानं रचलेलं होतं. मी कमी शिकलेला माणूस आहे. लहानपणापासून मला थापा मारायची खोड आहे, आमच्या गावात कुणालाही विचारा. माझं नाव छापून यावं म्हणून मी हे केलं. चान नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही. माझ्या खोलीत सोमसाक राहत होता. तो थायलंडचा होता आणि चांगला कारागीर होता. पुढच्या भागात जे येणार होतं तेही रचलेलंच होतं. आमच्या कंपनीत थायलंडचे म्हणून आलेले सगळे थायच आहेत, हे मी देवाशपथ सांगतो. माझ्यामुळं माझ्या कंपनीला आणि राजाभाऊ साहेबांना त्रास झाला, त्याची माफी मागतो. असल्या माणसाचं लिहिलेलं पुन्हा छापू नये.

एवढ्या थापांत कासवाचं मात्र खरं आहे. ते मी अजमानच्या बाजारात माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्याला भयंकर घाण वास येत होता. म्हणून आम्ही सगळ्यांनी नाक धरलं आणि ते समुद्रात गेलं.

कल्लाप्पा नागोजी सुतार